सुट्टी, समुद्र आणि कासव



या व्याख्यानमालेत संतसाहित्यावर, इतिहासावर, सीमाभागातील मराठीवर अधिकारी माणसं बोलून गेली आहेत. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. मंडळानं विषय विचारला तेव्हा मी 'सुट्टी' असं सांगितलं आणि कार्यकर्त्यांना हसू आलं. पण विषय हलका नाही. आपण सुट्टीला कुठं जातो, तिथं कसं वागतो आणि पैसे कुणाच्या हातात ठेवतो, यावर किनाऱ्यावरच्या एका प्राण्याचं जगणं-मरणं अवलंबून असतं. तो प्राणी म्हणजे समुद्री कासव.

कासव आपल्याला परकं नाही. देवळात शिरताना गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून आपण तो कपाळाला लावतो. कूर्मावताराची कथा सर्वांना ठाऊक आहे. आम्हा जैनांचे विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ, त्यांचं लांछन कासवच. एवढा मान असूनही कोकणच्या किनाऱ्यावर कासवाची अंडी वर्षानुवर्षं उकरली जात होती, खाल्ली जात होती, विकली जात होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या कासवांना संरक्षण दिलं. पण रात्री दोन वाजता निर्जन वाळूत कायदा उभा राहत नाही, तिथं माणूसच उभा राहावा लागतो.

असा माणूस उभा राहिला तो रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी. नाना फडणविसांचं हे मूळ गाव, बाणकोटच्या किल्ल्याजवळचं. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या अभ्यासासाठी किनारपट्टीवर हिंडत होते. २००२ साली वेळासला त्यांना उकरलेल्या घरट्यातली अंड्यांची टरफलं दिसली. त्यांनी गावाशी बोलणं केलं आणि गावातलेच तरुण राखणीला बसले. वाळू कुणाची, खुणा कशा असतात, हे गावकऱ्यांइतकं कोण जाणणार?

राखण म्हणजे काय, ते मी तिथं जाऊन पाहिलं. हिवाळ्याच्या रात्री ऑलिव्ह रिडलेची मादी भरतीबरोबर वर येते, वाळूत हातभर खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पहाट होण्याआधी कासवमित्र किनारा पायाखाली घालतो. ट्रॅक्टरच्या चाकासारखी तिची खूण ओळखतो, अंडी अलगद काढतो आणि कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरतो. हे काम काही तासांत व्हावं लागतं, कारण आत जीव धरू लागला की अंडं हलवणं, उलटं होणं त्याला घातक. वाळू उबदार असेल तर माद्या जास्त निपजतात, थंड असेल तर नर. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. त्यातली फार थोडी मोठी होतात. ज्या माद्या जगतात, त्या पुढं बाळंतपणाला माहेरी यावं तशा बहुधा त्याच भागातल्या किनाऱ्याकडं परततात.

पण केवळ भूतदयेवर हे किती दिवस चालणार? रात्र जागवणाऱ्याच्याही घरी चूल असते. म्हणून २००६ पासून वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांनी गावकऱ्यांच्याच घरात राहायचं, तिथंच जेवायचं, पैसे त्याच घराला द्यायचे. ज्या अंड्यांची किंमत पूर्वी बाजारात मिळायची, ती आता पिल्लू समुद्रात गेल्यावर मिळू लागली. मला यातली खरी गोष्ट हीच वाटते. आमच्या घरी जीवदया हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो, पण दयेलाही दाणापाणी लागतं, हे मी वेळासला शिकलो.

जगातही हाच अनुभव आहे. कॅरिबियन समुद्राच्या काठी कोस्टारिका देशात तोर्तुगेरो नावाचं गाव आहे. तिथल्या हिरव्या कासवांची मांसासाठी आणि सूपसाठी बेसुमार शिकार होत असे. आर्ची कार नावाच्या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात तिथं काम सुरू केलं, १९७५ साली तिथं राष्ट्रीय उद्यान झालं. आज पर्यटक रात्री किनाऱ्यावर जातात ते स्थानिक वाटाड्याबरोबरच, आणि कॅमेरा न घेता.

आता दुसरी बाजू. आपल्याला जवळचा गोवा. मोरजीच्या वाळूतही कासवं येतात. पण किनाऱ्यावर शॅक वाढले, दिवे वाढले, रात्री उशिरापर्यंत गाणी वाजू लागली. पिल्लू उजेडाच्या दिशेनं चालतं. अंधारात समुद्राचं पाणी चमकतं, म्हणून ते पाण्याकडं जातं. मागं हॉटेलचा दिवा जास्त चमकला, तर ते तिकडं वळतं आणि सकाळी उन्हात वाळून मरतं. म्हणजे वेळासला पाहुण्यांनी कासव वाचवलं, तर पाहुण्यांमुळंच दुसरीकडं त्याची वाट चुकते. पर्यटन हे औषध आहे खरं, पण मात्रा चुकली की तेच अपाय करतं. मात्रेचं महत्त्व आमच्या पॅथीइतकं कुणाला सांगायला हवं!

हा प्राणी केवढा प्रवास करतो, पाहा. ओडिशात २०२१ साली खुणेचा बिल्ला लावलेली ०३२३३ क्रमांकाची मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर! तिला राज्यांच्या सीमा ठाऊक नाहीत. आपल्या सीमाभागात हे वाक्य ऐकून कुणी हसेल, कुणी उसासा टाकेल.

शेवटी चार विनंत्या करतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलानातवंडांना घेऊन निघा. वेळास लांब वाटलं तर आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याजवळ वायंगणी आहे, गोव्यात काणकोणला गालजीबाग आहे. गावकऱ्याच्या घरी उतरा. वाळूत बॅटरी, फ्लॅश लावू नका आणि पिल्लू हातात घेऊ नका. ते स्वतःच्या पायांनी समुद्रापर्यंत गेलं पाहिजे. आणि एखाद्या दिवशी पिल्लं निघाली नाहीत, तर राखणदारावर रुसू नका. मुलांना सांगा, आपण त्याच्या घरी आलो आहोत, त्याच्या सवडीनं तो भेटेल.