गेरूचा रंग

आमच्या चांदवडावरून मुंबई-आग्रा रस्त्याने मोटारी जातात, चित्रप्रदर्शने येत नाहीत. अहिल्याबाईंच्या रंगमहालातील भिंतींवरची चित्रे हीच आमची चित्रशाळा. बाकी जे पाहिले ते छापील प्रतिकृतींतून. पोलंडात जन्मून पॅरिसला नावारूपास आलेल्या मेला म्यूटर या बाईंची चित्रे अशीच पाहिली, आणि मन वळले ते आपल्या अधिक जवळच्या अमृता शेरगिल यांच्याकडे.

अमृताबाईंचा जन्म १९१३ साली बुडापेस्टचा. वडील शीख सरदारघराण्यातील, आई हंगेरियन. सोळाव्या वर्षी त्या पॅरिसला शिकावयास गेल्या. सेझान व गोगँ यांनी प्रकाशाच्या क्षणिक झगमगाटापलीकडे जाऊन आकाराला घट्टपणा आणि रंगाला स्वतंत्र सत्ता दिली होती; तो धडा बाईंनी मनापासून गिरवला. १९३४ साली त्या हिंदुस्थानात परतल्या व पुढच्याच वर्षी त्यांनी ‘तीन मुली’ हे चित्र रंगविले. तिघी अगदी जवळ बसल्या आहेत, पण एकमेकींकडे पाहत नाहीत. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने या चित्रास सुवर्णपदक दिले.

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. शाळेत चित्रकलेचा तास कोणी घ्यावयाचा, असा प्रश्न निघाला की तो माझ्या गळ्यात पडे. एका मुलाने आपल्या आईचे चित्र काढले होते : कांदे निवडणारी बाई, चेहरा गेरूच्या रंगाचा, बोटे म्हणजे नुसत्या जाड रेघा. ‘अंगकांती अशी नसते’ असा तांबड्या शाईचा शेरा मारून मी तो कागद परत केला. पुष्कळ वर्षांनी ‘तीन मुली’ची प्रतिकृती हाती आली, आणि तोच गेरू समोर उभा राहिला. त्या माउलीस मी पाहिले होते; तिचा वर्ण तसाच होता. खोटा होता तो माझ्या डोक्यातला, कॅलेंडरांवरचा गुलाबी रंग.

१९३६ च्या अखेरीस बाईंनी अजिंठा-वेरूळ पाहिले. पुढील दक्षिणयात्रेनंतरची ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ ही चित्रे, त्यांतील भरीव, शांत आकृती व तांबूस मातकट रंग, अजिंठ्याशी आपले नाते लपवीत नाहीत. ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरास त्या वारल्या. वय अवघे अठ्ठावीस.

त्या मुलाने आपला कागद त्याच तासाला चुरगळून टोपलीत टाकला होता. मी ते पाहिले होते, पण तो उचलून घ्यावा असे मला सुचले नाही.