सही कुणाची?

(महिला शाखेत ‘नाइन टु फाइव्ह’ हा चित्रपट सर्वांनी मिळून पाहिल्यानंतर केलेले भाषण)



आत्ता आपण इतक्या हसत होतो की चहा तसाच राहिला. तो गार झाला असेल, पण त्यात उंदराचं औषध नाही, एवढी हमी शाखेच्या वतीने देते!

हा चित्रपट १९८० चा. लिली टॉमलिन, जेन फोंडा आणि डॉली पार्टन या तिघींचा. डॉलीचा हा पहिलाच चित्रपट, आणि शीर्षकगीतही तिनेच रचलेलं. बोटांची नखं एकमेकांवर घासून टाइपरायटरसारखा आवाज काढत तिने त्याचा ठेका बसवला. कथेमागची प्रेरणाही खरी होती. ऑफिसांत काम करणाऱ्या बायकांनी बोस्टनमध्ये १९७३ साली याच नावाची संघटना सुरू केली होती.

व्हायोलेटने शिकवून तयार केलेला माणूस बढती घेऊन तिच्या वर जाऊन बसतो, तिथे मात्र मला हसू आलं नाही. मीसुद्धा एका नव्या मुलाला हाताला धरून खतावणी शिकवली होती. पुढे तो माझा साहेब झाला. टिपणं मी लिहायची, सही त्याची. त्या दिवशी घरी आले, कणीक भिजवली, पोळ्या केल्या. कुणाला काही बोलले नाही.

या तिघी गप्प बसत नाहीत. साहेबाला त्याच्याच घरात डांबून ठेवतात आणि तेवढ्या दिवसांत ऑफिस बदलून टाकतात. सोयीच्या वेळा, एक काम दोघींनी वाटून घ्यायची मुभा, मुलांसाठी पाळणाघर, समान पगार. काम वाढतं, माणसं खूश होतात. पण प्रत्येक हुकुमावर सही साहेबाची! डॉरली ती हुबेहूब करते. म्हणून कौतुकही त्याचंच होतं. वर मोठे साहेब बजावतात, बाकी सगळं ठेवा, समान पगार तेवढा नको.

सगळा चित्रपट मला त्या एका वाक्यात दिसला. पाळणाघर देणं सोपं, बरोबरी देणं जड. आपल्याकडे समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला, म्हणजे या चित्रपटाच्याही आधी. पण कायदा झाला म्हणून मागायची भीड चेपतेच असं नाही. माझी तरी चेपली नव्हती.

लेक किंवा सून कामावरून आली की आपण विचारतो, ‘दमलीस का गं?’ यापुढे आणखी एक विचारू या, ‘तुझ्या कामाखाली सही कुणाची असते?’ आणि ती सांगू लागली की पोळ्या थोड्या थांबू द्या. ऐकून घ्या.

चला, आता चहा गरम करू या.

गणपती बाप्पा मोरया!