वाळवंटातील विमान आणि युद्धाचा ताळेबंद



युद्धाचा इतिहास बहुधा सेनापतींच्या आठवणींवरून आणि जिंकलेल्या-हरलेल्या प्रदेशांच्या नकाशांवरून लिहिला जातो. त्याच इतिहासाकडे ताळेबंद म्हणून पाहिले, तर निराळे प्रश्न पुढे येतात. खर्च कोणाच्या नावावर पडला? जमा कोणाच्या? आणि कोणत्या नोंदी वहीत आल्याच नाहीत? दुसऱ्या महायुद्धात लिबियाच्या वाळवंटात नाहीशा झालेल्या एका अमेरिकन बॉम्बफेकी विमानाची हकीगत या प्रश्नांसाठी तपासून पाहण्यासारखी आहे.

‘लेडी बी गुड’ हे त्या विमानाचे नाव. लिबरेटर जातीचे, चार इंजिनांचे. ४ एप्रिल १९४३ रोजी दुपारी बेनगाझीजवळच्या सुलूक येथील तळावरून नेपल्स बंदरावर बॉम्ब टाकण्यासाठी २५ विमाने निघाली, त्यांत ते होते. विमानात नऊ जण होते आणि या नऊ जणांच्या दलाची प्रत्यक्ष युद्धातील ही पहिलीच मोहीम होती. वाळूच्या वादळामुळे आरंभालाच विस्कळीतपणा आला आणि अनेक विमाने वाटेतून परतली. उरलेली इटलीच्या किनाऱ्याजवळ पोचेपर्यंत अंधार पडला होता. लक्ष्य दिसेना, तेव्हा ‘लेडी बी गुड’ने आपले बॉम्ब समुद्रात टाकले आणि एकट्यानेच परतीची वाट धरली. त्या बॉम्बनी नेपल्सच्या गोदीतील कोणा कामगाराचे घर मोडले नाही, हीही या ताळेबंदातील एक नोंदच होय.

मध्यरात्रीनंतर वैमानिक विल्यम हॅटन याने बिनतारी संदेश पाठवून दिशा विचारली. जमिनीवरील दिशाशोधक यंत्रात एक मोठी उणीव होती. विमान कोणत्या रेषेवर आहे हे ते सांगत असे. परंतु त्या रेषेवर ते समोरून येत आहे की डोक्यावरून पलीकडे निघून गेले आहे, हे त्याला सांगता येत नसे. विमान समुद्रावरून येत आहे असे गृहीत धरून उत्तर दिले गेले. वस्तुतः ते अंधारात तळ ओलांडून दक्षिणेकडे गेले होते, असाच या अपघाताचा उलगडा बहुतेक अभ्यासकांनी केला आहे. पहाटे दोनच्या सुमारास पेट्रोल संपत आले आणि नऊही जणांनी पॅराशूटच्या साहाय्याने उड्या घेतल्या. ती जागा सुलूकपासून सुमारे ७०० किलोमीटर दक्षिणेला होती.

एकाचे पॅराशूट नीट उघडले नाही. उरलेले आठ जण एकत्र आले आणि समुद्र फार दूर नसावा या समजुतीने वायव्येकडे चालू लागले. आठ जणांत मिळून पाण्याची एक बाटली, तीही अर्धी. सहवैमानिक रॉबर्ट टोनर याने त्या दिवसांची रोजनिशी ठेवली. तिच्यात मोजक्या शब्दांच्या नोंदी आहेत: चाल, उष्मा, रात्रीची थंडी, प्रार्थना आणि न येणारी मदत. शेवटची नोंद १२ एप्रिलची आहे. पाच जण शंभराहून अधिक किलोमीटर चालून थांबले. मदत आणण्यासाठी तिघे पुढे गेले. एवढ्या पाण्यावर माणूस इतके अंतर चालू शकेल, असे पुढे शोध घेणाऱ्या जाणकारांनाही वाटले नव्हते. विमान मात्र वैमानिकांवाचून तरंगत जाऊन आणखी सुमारे २५ किलोमीटर दक्षिणेला वाळूवर पोटावर टेकले. त्यात खाद्यपदार्थ होते, पाणी होते आणि चालू स्थितीतील बिनतारी यंत्रही होते. ज्या गोष्टींनी प्राण वाचण्याचा संभव होता, त्यांच्याकडे पाठ करून ते आठ जण चालत राहिले. त्यांना हे कळण्याचा काहीच मार्ग नव्हता.

यापुढे कागदपत्रांचा इतिहास सुरू होतो. विमान समुद्रात पडले असावे असे मानून शोध समुद्राच्या बाजूला घेण्यात आला. नऊ जण आधी बेपत्ता व पुढे मृत ठरले आणि प्रकरण मिटले. त्यानंतर १५ वर्षांनी, १९५८ साली, डार्सी ऑइल कंपनीसाठी तेलाचा शोध घेणाऱ्या भूवैज्ञानिकांना आकाशातून ते विमान दिसले. त्यांनी ट्रिपोलीजवळच्या व्हीलस येथील अमेरिकन हवाई तळाला कळविले. परंतु त्या भागात विमान हरवल्याची नोंदच नसल्यामुळे आरंभी कोणी लक्ष दिले नाही. वहीत नाही ते घडलेच नाही, हा दफ्तरशाहीचा सिद्धांत सर्व देशांत सारखाच असतो. १९५९ साली सैन्याचे शोधपथक गेले. त्याला बूट सापडले, पॅराशूटच्या पट्ट्या सापडल्या, पण माणूस सापडला नाही, आणि शोध थांबविण्यात आला. फेब्रुवारी १९६० मध्ये पाच जणांचे अवशेष आढळले ते तेल कंपनीच्या माणसांना. त्यानंतर सैन्याने पुन्हा शोध घेतला व त्याच वर्षी आणखी तिघांचे अवशेष मिळाले. नववा आजतागायत सापडलेला नाही.

माणसांचा शोध थांबला होता. तेलाचा शोध चालू होता. या प्रकरणाचे सार एवढ्यात आले. यात तेलशोधकांना दोष देण्याचे कारण नाही; त्यांनी माणुसकीने वर्दी दिली. प्रश्न व्यवस्थेचा आहे. ज्या वाळूत माणसे मेली तिला १९४३ साली बाजारात किंमत नव्हती, म्हणून तिकडे कोणी फिरकले नाही. वाळूखाली तेल असण्याचा संभव दिसला तेव्हा नकाशे झाले, मोटारी आल्या, विमाने फिरू लागली. मृतांचा पत्ता हा या उद्योगाचा आनुषंगिक लाभ ठरला.

आता वहीचे आणखी मागचे पान उलटले पाहिजे. विमानातून बॉम्ब टाकण्याची प्रथा जगात सुरू झाली तीच मुळी लिबियात. १ नोव्हेंबर १९११ रोजी जुलिओ गावोत्ती या इटालियन वैमानिकाने ट्रिपोलीजवळ हातांनी बॉम्ब टाकले. ज्या सुलूकवरून ‘लेडी बी गुड’ उडाले, तेथेच १६ सप्टेंबर १९३१ रोजी फॅसिस्ट राजवटीने वृद्ध स्वातंत्र्ययोद्धा उमर मुख्तार याला फाशी दिले, तेही छावणीत डांबलेल्या हजारो देशबांधवांच्या डोळ्यांदेखत. १९३० नंतरच्या तीन-चार वर्षांत पूर्व लिबियातील सुमारे एक लाख लोक अशा छावण्यांत कोंडले गेले आणि त्यांतील किमान ४० हजार मेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांच्या शोधासाठी कोणाचेही पथक निघाले नाही. ज्या फॅसिझमशी लढताना हे नऊ तरुण मेले, त्याच फॅसिझमने हे लोक मारले. अर्थात दोन्ही मृत्यू एकाच हिशेबातले आहेत. नऊ जणांची नावे ज्ञात आहेत हे योग्यच झाले; चाळीस हजारांची नाहीत, हे अन्याय्य आहे.

परक्यांच्या भांडणात ओढले जाणे म्हणजे काय, हे भारतीयांना समजावून सांगण्याची गरज नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी देशाला न विचारता देश युद्धात लोटला आणि चौथी भारतीय डिव्हिजन याच लिबियात लढली.

युद्ध संपले तेव्हा लिबियाच्या वाट्याला काय आले? २४ डिसेंबर १९५१ रोजी तो देश स्वतंत्र झाला त्या वेळी जगातील अत्यंत गरीब देशांत त्याची गणना होत होती, आणि रणांगणावरून वेचलेले मोडीचे लोखंड ही त्याची एक प्रमुख निर्यात होती. ज्या विमानांनी व रणगाड्यांनी त्याची भूमी उकरली, त्यांचे सांगाडे विकून त्याने पोट भरावे, याहून बोलका ताळेबंद दुसरा कोणता? पुढे तेल आले, पैसा आला, आणि २०११ साली, पहिल्या बॉम्बनंतर बरोबर शंभर वर्षांनी, पुन्हा विमाने आली.

लिबरेटर जातीची सुमारे १८ हजार विमाने अमेरिकेत बांधली गेली. १९४४ साली विलो रन येथील फोर्डच्या कारखान्यातून तासाला एक विमान बाहेर पडत होते. यंत्राच्या जागी यंत्र येण्यास एक तास पुरत असे. माणसाच्या जागी माणूस येत नाही. म्हणूनच भांडवली हिशेबाच्या वहीत माणसासाठी रकानाच नसतो. फॅसिझमचा पराभव आवश्यक होता आणि तो या व अशा लाखोंच्या बलिदानाने झाला, याचे विस्मरण होता कामा नये. परंतु त्यांच्याविषयीची कृतज्ञता केवळ पुष्पचक्राने फिटत नाही. पुढचे युद्ध पुकारणाऱ्याला त्याचा हिशेब आधी मागणे, आणि त्या हिशेबात सुलूकचे कैदी, नेपल्सचे गोदी कामगार व वाळूत चालत गेलेले आठ जण या सर्वांना एकाच मापाने मोजणे, हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे.