दार लावण्यापूर्वी



जपानी चित्रपट आणि पडद्यावरचे खेळ हा विषय पाहून तुमच्यापैकी कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल. मुलांच्या करमणुकीवर व्याख्यान कसले द्यावयाचे? आमचे उत्तर साधे आहे. घरातली मुले ज्या गोष्टीत रात्र रात्र रमतात, ती त्यांच्याशेजारी बसून आपणही एकदा पाहावी. आम्ही ती पाहिली. त्यांतले जे मनात राहिले, तेवढेच सांगणार आहोत.

ही विद्या आपणांस अगदीच परकी आहे असेही नाही. १९१५ च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये साध्या काड्यांना नाचावयास लाविले होते. जपान्यांनी तिचा मोठा व्यवसाय केला, आणि पुढे तिच्यात आपले गाव, आपला पाऊस, आपले दुःखही आणिले.

माकोतो शिनकाई यांचा ‘सुझुमे’ हा २०२२ सालचा चित्रपट घ्या. सुझुमे ही सतरा वर्षांची मुलगी. ओस पडलेल्या ठिकाणी, म्हणजे बंद पडलेल्या शाळेत, मोडक्या जत्रेच्या बागेत, एकेक दार उघडे राहिले आहे आणि त्यातून भूकंप बाहेर पडू पाहत आहे. ते दार लावावयाचे. पण ते नुसत्या जोराने लागत नाही. तेथे पूर्वी जी माणसे राहिली, हसली, भांडली, त्यांचे आवाज आधी ऐकावे लागतात. ते ऐकू आले, की मगच कुलपाचे भोक दिसते.

शेवटचे दार तिच्या स्वतःच्या गावचे आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपात आणि समुद्राच्या लाटेत तिची आई गेलेली. तेथे तिला ऐकू येतात ते त्या सकाळी घराबाहेर पडणाऱ्या माणसांचे शब्द. जपानी माणूस घरातून निघताना जे म्हणतो, त्याचा अर्थ ‘जाऊन येतो’ असाच होतो. आपल्याकडेही ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, असे वडीलधारी माणसे बजावतात. त्या एका शब्दाने आम्हांला जपान जवळचा वाटू लागला. ‘येतो’ म्हणून गेलेली किती माणसे परत आली नाहीत, हे सांगावयास त्या चित्रपटाला मोठे भाषण लागले नाही.

आता खेळांकडे वळू. खेळणाऱ्याने एखाद्या पात्राची भूमिका घेऊन प्रवासास निघावयाचे, असा एक प्रकार आहे. १९८६ साली युजी होरिई यांनी रचलेला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा त्यातला जुना आणि प्रसिद्ध खेळ. आमची समजूत होती की यात सारी मारामारीच असणार. मारामारी आहेच, पण गावात शिरल्यावर नायकाला दारोदार हिंडावे लागते. दुकानदार, म्हातारा, पहारेकरी, ज्याला त्याला विचारावे लागते. कोणी कामाचे सांगतो, कोणी आपलेच रडगाणे गातो. पण न विचारता जो पुढे धावतो, तो रानात फशी पडतो. शेवटी खलपुरुष ‘अर्धे जग तुला देतो’ म्हणतो. मूळ खेळात ‘हो’ म्हटले की खेळ तेथेच संपतो.

आपल्या पुण्यातल्या तरुणांनी २०२० साली ‘राजी’ नावाचा साहसाचा खेळ जगापुढे आणला. भावाला सोडविण्यास निघालेली एक डोंबारी मुलगी, भिंतींवरची चित्रे आणि त्यांतल्या पुराणकथा. डोळ्यांचे पारणे फिटते. मात्र त्यात देव पुष्कळ बोलतात. गावची माणसे फार थोडी बोलतात. पुढच्या खेळात ती बोलावीत, एवढीच आमची अपेक्षा.

आणि ही अपेक्षा डोलवीत बोलून दाखविण्यास कारण आहे. धरमतरच्या खाडीकाठची ही भूमी. खारपाटात बांध घालून भात पिकविणारी, मिठागरे राखणारी माणसे या भागात पिढ्यानपिढ्या राहिली. गेल्या शतकाच्या अखेरीस येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. रोजगार आला, रस्ते वाहते झाले, रात्र उजळली. कोणी म्हणेल बरे झाले, कोणी म्हणेल वाईट झाले. तो निवाडा करावयास आम्ही उभे नाही. पण एक दार लागले आणि दुसरे उघडले, हे तर खरे? लागलेल्या दारामागचे आवाज कोणी ऐकून ठेविले?

उधाणाच्या रात्री उघाडीवर कोण बसत असे? बांधाला खांड गेली की पहिली हाक कोण देई? खाऱ्या जमिनीत भाताचे कोणते बी तग धरी? मिठाचा पहिला खडा धरला, हे आगरात कशावरून ओळखीत? या प्रश्नांची उत्तरे आज साठी-सत्तरी उलटलेल्यांपाशी आहेत, आणि ती आगरी बोलीत आहेत. ती बोली गेली, की उत्तरेही गेली.

तेव्हा मुलांच्या हातातला खेळ हिसकावून घेऊ नका. त्यांना एवढेच सांगा, की त्या खेळात अनोळखी गावच्या म्हाताऱ्याला जसे आवर्जून विचारतोस, तसे आपल्या आजोबांनाही विचार. आजोबांनीही ‘तुला काय कळते’ असे म्हणून त्याला परतवू नये. पोराने ऐकले, लिहून ठेविले, तर उद्या त्यातूनच एखादा चित्रपट किंवा खेळ उभा राहील; आणि नाही राहिला, तरी उघाडी म्हणजे काय हे त्या घरात एकाला तरी ठाऊक राहील.

येतो.