मस्करीची कुस्करी

(वैराग, ता. बार्शी, जि. सोलापूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



पंढरीची वाट ज्या जिल्ह्यातून जाते, त्या या सोलापूर जिल्ह्यात एकनाथी भागवताची ओळख करून देण्याचे कारण नाही. चातुर्मासात पोथी लावण्याची रीत अजून अनेक घरांनी सांभाळली आहे. शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, वाराणशीत पूर्ण झालेला हा ग्रंथ म्हणजे भागवताच्या अकराव्या स्कंधावरील नाथांची टीका. उद्धवाला श्रीकृष्णांनी केलेला अखेरचा उपदेश याच स्कंधात येतो. ज्ञान, वैराग्य आणि भक्ती यांचे एवढे मोठे निरूपण जिथे आहे, तो स्कंध सुरू कशाने होतो, याकडे मात्र श्रोत्यांचे लक्ष क्वचितच जाते. तो सुरू होतो पोरांनी केलेल्या एका चेष्टेने.

द्वारकेजवळच्या पिंडारक क्षेत्री विश्वामित्र, कण्व, दुर्वास आदी ऋषी आले होते. यादवकुमार तिथे खेळत होते. त्यांनी जांबवतीचा पुत्र सांब याला स्त्रीवेष दिला, गर्भवती भासावी असे त्याचे रूप केले, आणि ऋषींपुढे नेऊन विनयाचा आव आणत विचारले, ‘हिला मूल काय होईल?’ ऋषी ओळखून चुकले. त्यांनी सांगितले, कुळाचा नाश करणारे मुसळ होईल. घाबरलेल्या पोरांनी सांबाच्या पोटावरचे वस्त्र सोडले, तो खरोखरच लोखंडी मुसळ निघाले. पुढे त्या मुसळाचे चूर्ण समुद्रात टाकले गेले, किनाऱ्यावर त्यातून लव्हाळे उगवले, आणि त्याच लव्हाळ्यांनी यादव एकमेकांना मारून संपले. कुरुक्षेत्रानेही न संपलेले कूळ अखेर संपले, त्याचे मूळ एका गमतीत होते.

कीर्तनात या कथेचा भर शापावर आणि प्रारब्धावर असतो. वस्तुतः तिच्यातील फार मानवी क्षण दुसराच आहे. मुसळ पाहिल्यावर ते कुमार काय म्हणतात? आपण हे काय करून बसलो, आता लोक काय म्हणतील? एका क्षणापूर्वीचे हसू कुठल्या कुठे गेले. आणि भागवत असेही सांगते की, मुसळ घेऊन ते राजसभेत गेले, उग्रसेनाला सांगितले, त्याने चूर्ण करवून ते समुद्रात टाकवले, पण श्रीकृष्णांना कोणी विचारले नाही. चेष्टा अंगाशी आली की ती झाकण्याची घाई होते. घराघरांत आजही हेच घडते. ‘बाबांना सांगू नको’ हे वाक्य चेष्टेच्या पाठोपाठ येतेच येते.

मराठीने ‘मस्करीची कुस्करी’ हा वाक्प्रचार उगाच घडवलेला नाही. या विषयात आपली भाषा फार बारकाईने वागते. थट्टा वेगळी, चेष्टा वेगळी, टिंगल वेगळी, टवाळी त्याहून वेगळी, आणि कुचेष्टा तर सरळच शिवी. फिरकी घेणे आणि फजिती करणे यांतले अंतर शाळकरी पोरालाही कळते. ज्या समाजाजवळ एवढे शब्द आहेत, त्याला हसण्याचे वावडे होते असे कोण म्हणेल? उलट आपल्या कुटुंबव्यवस्थेने थट्टेसाठी नाती राखून ठेवली होती. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, आजोबा-नातू, आणि लग्नमांडवात विहिणी-विहिणी. आश्विनात हादग्याचा फेर धरला की मुली सासू-नणंदेवरची गाणी मनसोक्त म्हणत, आणि शेजारी बसलेली सासूही त्याला हसे. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. कानपिळीचा मान घेतो आणि सोडतो. उखाणा घेतल्याशिवाय घास मिळत नाही. शिमग्याला तर वर्षभराचे साचलेले सगळे बोलून घ्यायची मुभा असे.

या सगळ्या रीतींत एक समान गोष्ट होती. ज्याची थट्टा व्हायची त्याला ती होणार हे आधीच ठाऊक असे. तिथी ठरलेली, जागा ठरलेली, आणि उलट उत्तर देण्याचा हक्कही ठरलेला. उखाण्याला उखाणा, गाण्याला गाणे. नवरदेव कान पिळून घ्यायला तयार होऊनच बसतो. यात फसवणूक नाही. शिमग्याच्या नावाखाली आपल्याकडे पुष्कळ आचरटपणाही झाला, त्या दिवशी बायका-मुली दार लावून घरात बसत, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘एप्रिल फूल’ पाश्चात्त्यांकडून आले म्हणून सगळा दोष तिकडे ढकलून मोकळे होता येणार नाही. पण शिमगा निदान रंगपंचमीला संपत असे.

ज्या प्रकाराविषयी आज बोलायचे तो वेगळा आहे. त्याला नेम नाही, वेळ नाही, आणि त्याची सारी गोडी समोरच्याला ठाऊक नसण्यातच आहे. फोन येतो, ‘दादाला अपघात झालाय, लवकर या.’ आई पायात चप्पल न घालता धावते. वाटेत कळते की भावंडांनी गंमत केली. नवी सून चहात साखर म्हणून मीठ घालते, कारण नणंदेने डबे बदललेले असतात. पाहुण्यांसमोर तिचे तोंड उतरते आणि घर हसते. अंधारातून घोंगडी पांघरून कोणीतरी लहान मुलाच्या अंगावर धावून जातो. दिवाळीत पेंगणाऱ्या आजोबांच्या खाटेखाली लक्ष्मी तोटा वाजतो. ज्वारीच्या या मुलखात घरामागे कडब्याची गंजी असते. तिथे गेलेल्या बहिणीच्या अंगावर रबरी साप टाकला जातो.

यातली प्रत्येक गोष्ट सांगताना सांगणारा हसतो. ज्याच्यावर ती गुदरली तो क्वचितच हसतो, किंवा हसल्यासारखे करतो. न हसण्याची शिक्षा त्याला ठाऊक असते. ‘एवढंही कळत नाही? गंमत होती!’ हे वाक्य म्हणजे दुसरा फटका असतो. पहिल्यात फसवले, दुसऱ्यात फसल्याबद्दल दुखावण्याचा हक्कही काढून घेतला. मित्राने अशी चेष्टा केली तर चार दिवस त्याच्याशी बोलणे सोडता येते. नव्या सुनेला नणंदेशी बोलणे सोडता येत नाही. सात वर्षांच्या मुलाला काकाचे घर सोडून जाता येत नाही. रात्री त्याच माजघरात झोपायचे असते.

आणि रबरी सापाचा हिशोब तिथेच मिटत नाही. पावसाळ्यात कधीतरी त्याच गंजीतून खरा साप निघतो. ‘साप, साप!’ म्हणून ती ओरडते, तेव्हा ओसरीवरची मंडळी आधी हसतात आणि मग उठतात. मधले ते चार क्षण कोणी परत आणून देत नाही. ज्या घरात अपघाताच्या खोट्या वार्ता तीनदा आल्या, तिथे चौथ्या वेळी फोन उचलणारा ‘पुरे झाली मस्करी’ म्हणून तो ठेवून देतो. २०२० साली करोनाचे सावट असताना एक एप्रिलच्या तोंडावर राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर इशारा द्यावा लागला होता की, या रोगाविषयी ‘एप्रिल फूल’चे खोटे संदेश पसरवणाऱ्यांवर कारवाई होईल. एवढ्या संकटातही लोकांना थट्टा सुचेल, याची सरकारला खात्री होती!

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक नोंद. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ चा. रॅगिंग म्हणजे काय हे सांगताना त्यात मारहाण आणि धमकी यांच्याच पंगतीत चिडवणे आणि अंगलट येणारी चेष्टा करणे यांचा उल्लेख आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. कसोटी कोणती? विद्यार्थ्याला इजा, भीती, लाज किंवा संकोच वाटेल असे वर्तन. करणाऱ्याचा हेतू काय होता यापेक्षा भोगणाऱ्याचे काय झाले, याकडे कायद्याने पाहिले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानेही शाब्दिक आणि भावनिक छळात उपहासाची गणना केली, आणि मूल नसल्यावरून किंवा मुलगा नसल्यावरून केलेला उपहास मुद्दाम वेगळा नमूद केला. ‘आमच्याकडे पाळणा कधी हलायचा?’ हे हसत हसत विचारले जाणारे वाक्य ज्यांच्या घरात आहे, त्यांनी ते कलम एकदा वाचावे. वसतिगृहातल्या अठरा वर्षांच्या मुलाला जे संरक्षण दिले, ते घरातल्या आठ वर्षांच्या मुलाला मात्र मोठ्यांच्या विवेकावर सोपवले आहे.

हा विवेक हरवला की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत २०१७ साली जगाने पाहिले. मेरीलँड राज्यातले एक जोडपे ‘डॅडीओफाइव्ह’ या नावाने यूट्यूबवर आपल्या मुलांच्या फजितीची चित्रफीत टाकत असे. घरात शाई सांडल्याचा देखावा करायचा, न केलेल्या गुन्ह्याबद्दल लहान मुलावर ओरडायचे, तो रडकुंडीला आला की हसून ‘गंमत होती’ म्हणायचे. लाखो लोक ते बघत होते. अखेर दोन मुलांचा ताबा त्यांच्या जन्मदात्या आईकडे गेला, आणि मुलांची हेळसांड केल्याच्या आरोपावरून त्या दांपत्याला न्यायालयाने पाच वर्षे देखरेखीखाली ठेवले. हे दूरदेशचे म्हणून सोडून देण्याजोगे नाही. टिकटॉकवर भारतात २०२० मध्ये बंदी आली, तरी ती सवय दुसऱ्या पडद्यांवर गेली. पूर्वीची फजिती माजघरात घडे आणि आठवडाभरात विरून जाई. आता आजीची घाबरगुंडी गावभर, मोबाइलभर फिरते, आणि ती कुणी पुसून टाकू म्हटले तरी पुसली जात नाही.

पुन्हा नाथांकडे यावे. त्यांच्या चरित्रातली एक कथा सर्वांना पाठ आहे. पैठणच्या काही कुटाळांनी एका गरजू ब्राह्मणाला सांगितले, नाथांना राग आणून दाखव, दोनशे रुपये देऊ. तो गेला आणि पूजेला बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथ रागावले नाहीत. असा लोभी पाहुणा आजवर मिळाला नव्हता म्हणाले. मग जेवताना वाढण्यासाठी गिरिजाबाई वाकल्या, तो याने त्यांच्या पाठीवर उडी घेतली. नाथ म्हणाले, सांभाळ, पाहुणा पडेल. गिरिजाबाई म्हणाल्या, हरीला पाठीवर घेऊन काम करायची सवय आहे मला, पडू देणार नाही याला. ब्राह्मण वरमला.

ही कथा नाथांच्या शांतीसाठी सांगतात, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात ज्यांचे नाव कोणी घेत नाही, त्या कुटाळांकडेही एकदा पाहावे. ते स्वतः नाथांच्या वाड्यात आले नाहीत. एका माणसाची गरज त्यांनी ओळखली, तिला पैशाचे आमिष दाखवले, आणि दुसऱ्याच्या घरातल्या स्त्रीच्या पाठीवर त्याला चढवले. त्या दिवशी खरी फजिती झाली ती त्या ब्राह्मणाची. घरातही असेच होते. धाकट्याला पुढे करून मोठी भावंडे दाराआड उभी राहतात. आणखी एक गोष्ट. गिरिजाबाईंनी सोसले, ते त्यांच्या योग्यतेचे लक्षण. म्हणून प्रत्येक घरातल्या बाईने पाठ वाकवून उभे राहावे, असे त्यातून निघत नाही. संतांची क्षमा हा संतांचा अलंकार. चेष्टा करणाऱ्याने ती गृहीत धरली तर तो कुटाळांच्या रांगेत जाऊन बसतो.

मग घरात हसूच नये काय? या प्रश्नाला भागवतानेच उत्तर दिले आहे. पंढरपुरात रखुमाईचे स्थान वेगळे का, हे या भागातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. ती रुसून दिंडीरवनात आली आणि देव तिच्या मागे शोधत आले. दहाव्या स्कंधाच्या साठाव्या अध्यायातला प्रसंग त्या रुसव्याहून निराळा. द्वारकेच्या महालात श्रीकृष्ण मंचकावर बसले आहेत, रुक्मिणी सखीच्या हातातली चवरी घेऊन स्वतः वारा घालीत आहे. देवांना थट्टेची लहर आली. म्हणाले, एवढे मोठे राजे तुला मागत होते, शिशुपाल होता, आणि तू आम्हांला का वरलेस? आम्ही राजांच्या भीतीने समुद्रात राहायला आलेले, निर्धन. अजूनही एखादा योग्य क्षत्रिय पाहा.

बोलणारा साक्षात भगवंत, आणि शब्द चेष्टेचे. तरी रुक्मिणीला ते चेष्टेचे वाटले नाहीत. तिच्या हातातली कंकणे सैल झाली, चवरी गळून पडली, आणि वाऱ्याने केळ उन्मळावी तशी ती कोसळली. त्या क्षणी श्रीकृष्ण ‘अगं, गंमत केली’ म्हणून मंचकावर बसून राहिले नाहीत. ते तत्काळ खाली उतरले, तिला उठवले, विस्कटलेले केस सावरले, डोळे पुसले. थट्टा होती हे त्यांनी सांगितले, पण त्यानंतर. प्रियेशी नर्मविनोदात वेळ जावा हाच गृहस्थाश्रमातला मोठा लाभ, असेही तिथेच म्हटले. विनोदाला भागवताने घराबाहेर काढलेले नाही.

आणि मग रुक्मिणी बोलली. तिचे उत्तर त्या थट्टेहून लांब आहे. थट्टेतला एकेक शब्द उचलून तिने त्याला उत्तर दिले, आणि ते पूर्ण होईपर्यंत श्रीकृष्ण मध्ये बोलले नाहीत.