सरांना द्यायचं राहिलेलं उत्तर



१९८१ साली, नववीच्या वर्गात सर शिकवत होते, की उंच पहाडांत राहणाऱ्यांच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात. मी विचारलं, "पण सर, हवा विरळ आहे हे शरीराला कळतं कसं?" सर क्षणभर थांबले. म्हणाले, "मला माहीत नाही. तुला कळलं की सांग." तेव्हा ते जगात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. आज सर समोर बसलेत, म्हणून सांगतो.

आपल्या पेशींत 'हिफ-अल्फा' हे प्रथिन सतत तयार होतं आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर काही मिनिटांत नष्टही होतं. ऑक्सिजन वापरणारं एक विकर त्याच्यावर दोन जागी खूण करतं, गणवेशावर खडूची रेघ ओढावी तशी. खूण दिसली की 'व्हीएचएल' हे दुसरं प्रथिन त्याला धरतं आणि मोडीत काढायला पाठवतं. ऑक्सिजन घटला की खडूच संपतो! मग हिफ-अल्फा वाचतं, केंद्रकात जाऊन 'हिफ-बीटा'शी जोडी जमवतं, डीएनएवर नेमक्या जागी बसतं आणि 'पी-३००' या मदतनिसाला बोलावतं. या भेटीवरही ऑक्सिजनचा पहारा असतो. त्यासाठी वेगळं विकर, वेगळी खूण. पहारा उठला की जनुकं कामाला लागतात. मूत्रपिंडात एरिथ्रोपोएटिन तयार होतं आणि अस्थिमज्जा तांबड्या पेशी वाढवते.

ग्रेग सेमेन्झा यांनी १९९०च्या दशकात हिफ शोधलं. खडूच्या खुणेचं कोडं २००१ साली विल्यम केलिन आणि पीटर रॅटक्लिफ यांच्या गटांनी उलगडलं. तिघांना २०१९चं नोबेल मिळालं.

आता आपल्या घरातली गोष्ट. आपल्या तुकडीतला एक मित्र डायलिसिसवर आहे. त्याला विचारूनच बोलतोय. निकामी मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन पुरेसं बनवत नाही, रक्त कमी होतं, जिना चढताना धाप लागते. खूण करणाऱ्या विकरालाच अडवणाऱ्या गोळ्या आता आल्या आहेत. त्यांतल्या डेसिड्युस्टॅटला भारतात २०२२मध्ये मान्यता मिळाली. मित्रानं मला विचारलं, "म्हणजे मी बरा होणार?" नाही रे. रक्त वाढेल, मूत्रपिंड सुधारणार नाही. शिवाय हिफला मोकाट सोडूनही चालत नाही. ज्यांच्यात जन्मतःच व्हीएचएल सदोष असतं, त्यांना मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. म्हणून औषध मोजूनमापून आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचं.

सर, त्या दिवशी तुम्ही "गप्प बस" म्हणाला असतात, तर मी गप्प बसलोही असतो. "मला माहीत नाही" म्हणालात, म्हणून शोधत राहिलो. उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा.