जुन्या पत्त्यावरून नव्या पानाकडे

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची अधिकृत इंग्रजी नावे बदलली. त्यांत म्हैसूरबरोबर बेळगावही होते. फलक आणि शिक्के बदलता आले; पण संकेतस्थळाच्या पत्त्यात जुने नाव असेल, तर तो पत्ता पुस्तकांत, पत्रिकांवर आणि इतर संकेतस्थळांवर आधीच पसरलेला असतो. तो परत गोळा करता येत नाही. म्हणून जुन्या पत्त्यावर येणाऱ्या वाचकाला नव्या पत्त्यावर वळवावे लागते.

हे काम संकेतस्थळाचा सर्व्हर करतो. जुना पत्ता मागितला गेला की सर्व्हर ब्राउझरला तीन अंकी खूण आणि नवा पत्ता पाठवतो. ब्राउझर लगेच तिकडे जातो. ३०१ म्हणजे पान कायमचे हलले, ३०२ म्हणजे तात्पुरते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ३०१ पाहून शोधयंत्रे आपल्या नोंदीत नवा पत्ता धरतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवणे. उदाहरणार्थ, म्हैसूरच्या दसऱ्याच्या मिरवणुकीची माहिती शोधणाऱ्याला तेच पान मिळायला हवे. मुखपृष्ठावर सोडणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तसे पान उरलेच नसेल, तर ४१० ही खूण ते काढून टाकल्याचे स्पष्ट सांगते. वळणावर वळण ठेवू नये. प्रत्येक जुना पत्ता थेट शेवटच्या पानाशी जोडावा. वळवण्याची ही सोय किमान वर्षभर ठेवावी, असे गूगल सुचवते. छापील पुस्तकांतील पत्त्यांसाठी मात्र ती कायम ठेवणेच योग्य.